इंडोनेशिया: नहदलातुल उलमा, मुहम्मदिया आणि सरकार – भांडण नेमकं कशावर?

कर्वेरस्ता
कोथरूडच्या आमच्या अभ्यासमंडळात मुस्लिमबहुल देशांतल्या संघटनांच्या राजकारणावर दोन सत्रं ठरली आहेत. इजिप्त आणि तुर्कस्तान घेणारे मिळाले, इंडोनेशिया माझ्या वाट्याला आला. मराठीत शोधलं तर 'तिथला इस्लाम मवाळ आहे' यापलीकडे फारसं हाती लागत नाही. माझा ढोबळ आराखडा असा: नहदलातुल उलमा म्हणजे परंपरावादी, मुहम्मदिया म्हणजे सुधारणावादी, दोघांचं भांडण धर्मशास्त्राचं आणि सरकार मध्ये पंच. एवढ्यावर पाऊण तास उभा राहू शकेन का? सनावळी आणि यंत्रणा कशी चालते हे कुणी सांगितलं तर बरं होईल.

ताम्हिणी
पाऊण तास उभे राहाल, पण पहिल्याच प्रश्नाला अडकाल. सरकार पंच नाही, सरकार हेच मैदान आहे.

धर्मशास्त्राचे फरक खरे आहेत. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) वीस रकात (आवर्तनं) की आठ, फजरच्या (पहाटेच्या) नमाजात कुनूत ही दुआ म्हणायची की नाही, मयतानंतर सातव्या आणि चाळिसाव्या दिवशी जमून तहलील (सामूहिक नामस्मरण) करायची की नाही, कबरींच्या जियारतीला (दर्शनाला) जायचं की नाही. मुहम्मदिया १९१२ साली योग्यकर्तात अहमद दहलान यांनी काढली. शहरी व्यापारी, शिक्षक, पुढे डॉक्टर हा तिचा पाया, आणि शाळा-दवाखाने हे तिचं काम. नहदलातुल उलमा, म्हणजे एनयू, १९२६ ची, सुराबायाची. हाशिम अशअरी आणि वहाब हसबुल्लाह ही त्यातली मोठी नावं. तिचा कणा म्हणजे पसंत्रेन, म्हणजे निवासी मदरसे, आणि ते चालवणारे कियाई. हे मुख्यतः पूर्व आणि मध्य जावाच्या खेड्यांत.

पण कुनूतवरून पक्ष फुटत नाहीत. फुटतात ते खातेवाटपावरून. १९४६ च्या जानेवारीत धर्म मंत्रालय निघालं. त्याच्या हातात काय होतं ते पाहा: उपजिल्ह्याच्या पातळीवर निकाह नोंदणारी कार्यालयं, धार्मिक न्यायालयं (ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे गेली), मदरशांचा अभ्यासक्रम आणि अनुदान, धर्मशिक्षकांच्या नेमणुका आणि हज. पसंत्रेनमधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला सरकारी नोकरी मिळेल असं दार म्हणजे हेच मंत्रालय. मुहम्मदियाच्या मुलाला इतर दारंही उघडी होती. एनयूसाठी हे खातं जीव की प्राण का, ते यावरून कळेल.

१९५२ पर्यंत दोघी मास्युमी या एकाच पक्षात होत्या. त्या वर्षी विलोपो मंत्रिमंडळात धर्म खातं एनयूच्या वाहिद हाशिम यांच्याकडून काढून मुहम्मदियाच्या फकीह उस्मान यांना दिलं गेलं. एनयू मास्युमीतून बाहेर पडली आणि स्वतःच पक्ष झाली. तीन वर्षांनी, १९५५ च्या निवडणुकीत, संसदेतल्या तिच्या जागा ८ वरून ४५ वर गेल्या. मास्युमीला २०.९ टक्के मतं, एनयूला १८.४. एका खात्यावरून झालेल्या फुटीने इस्लामी मतांचे जवळपास सारखे दोन भाग केले.

पेठकर
प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण जरा सोपा करून सांगितलाय. सगळं खुर्चीवर आणून ठेवलं की विश्लेषण संपतं. राज्यघटना लिहायला बसलेल्या सभेत १९५९ पर्यंत दोन्ही पक्ष 'राज्याचा पाया इस्लाम' या मागणीवर एकत्र होते ना? मग फक्त खातं कसं?

ताम्हिणी
@पेठकर, होते. आणि तिथेच खरा फरक दिसतो. मागणी एकच होती. जुलै १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी ती सभाच फर्मानाने मोडीत काढली, त्यानंतर काय करायचं यावर दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मास्युमीने विरोध केला. तिचे नात्सिरांसारखे काही नेते १९५८ मध्येच सुमात्रातल्या बंडखोर सरकारात जाऊन बसले होते, त्यामुळे १९६० मध्ये पक्षावर बंदी आली. एनयू मात्र सुकार्नोंच्या 'राष्ट्रवाद, धर्म, साम्यवाद' या त्रिकुटात धर्माची जागा भरायला आत गेली. टीकाकारांनी तिला संधिसाधू म्हटलं. तिच्या उलेमांनी फिक्हचा (इस्लामी विधिशास्त्राचा) नियम पुढे केला: हित साधण्याआधी नुकसान टाळा. बाहेर राहिलो तर मदरसे आणि मंत्रालय दोन्ही जातील आणि ती पोकळी कम्युनिस्ट भरतील, हे ते नुकसान. पटो न पटो, हा युक्तिवाद शास्त्रातलाच आहे. तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं मान्य: तत्त्व आहे, पण ते 'राज्य कसं असावं' याचं नाही, 'असलेल्या राज्याशी कसं वागावं' याचं आहे.

@कर्वेरस्ता, १९६५-६६ गाळू नका. पूर्व जावात कम्युनिस्टांच्या कत्तलीत एनयूच्या युवक शाखेचा, अन्सोरचा, लष्कराबरोबर सहभाग होता. 'मवाळ' हे विशेषण फळ्यावर लिहायच्या आधी हे सांगा.

रास्तापेठ
सुकार्नोंनंतर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या काळात दोघींची अवस्था काय होती? लष्करशाहीत संघटनांना कितपत वाव असणार?

ताम्हिणी
वाव बेताचाच, पण हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं पाऊल: १९७१ ची निवडणूक. सरकारी पक्ष गोलकारला ६२.८ टक्के. एनयूने तरीही १८.७ राखले, म्हणजे १९५५ पेक्षा रेसभर जास्तच. त्याच वर्षी धर्म खातं एनयूकडून काढून मुक्ती अली या विद्यापीठीय विद्वानाला दिलं. १९७८ मध्ये तिथे चक्क जनरल आले. मतं राखूनही खातं गेलं.

दुसरं पाऊल: १९७३ मध्ये एनयूसह चार इस्लामी पक्षांची एकाच पक्षात, पीपीपीत, मोट बांधली. मतं एनयूची, पण पक्षाच्या नाड्या सरकारला चालतील अशांच्या हाती. १९८२ ला पीपीपीच्या अध्यक्षांनी उमेदवारयाद्यांत एनयूची माणसं खाली ढकलली, तेव्हा कडेलोट झाला.

तिसरं पाऊल एनयूचं स्वतःचं, आणि हुशारीचं. डिसेंबर १९८४, सितुबोंदोचं अधिवेशन. 'आम्ही १९२६ च्या मूळ मार्गावर परततो, पक्षराजकारण सोडतो' असा ठराव झाला. पंचशील (राज्याची पाच अधिकृत तत्त्वं) हाच एकमेव पाया मानायची सरकारची सक्ती एनयूने सगळ्यांआधी स्वीकारली. मुहम्मदियाने १९८५ च्या अखेरीस. वरकरणी ही शरणागती. प्रत्यक्षात पीपीपी एनयूच्या मतांना मुकली आणि कियाई गोलकारसकट सगळ्यांशी बोलायला मोकळे झाले. मदरशांना निधी सुरू झाला.

चौथं पाऊल परत सरकारचं. १९९० मध्ये सुहार्तोंनी आपले मंत्री हबीबी यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम बुद्धिजीवींची संघटना उभी करायला पाठबळ दिलं. नोकरशाहीतला, विद्यापीठांतला शहरी सुधारणावादी वर्ग तिथे लोटला, त्यात मुहम्मदियाची माणसं बरीच. एनयूचे अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, म्हणजे गुस दुर, बाहेर राहिले, उलट 'लोकशाही मंच' काढून बसले. त्यांना पाडायला १९९४ च्या चिपासुंग अधिवेशनात सरकारने अबू हसन यांच्यामागे ताकद लावली. निकाल १७४ विरुद्ध १४२, गुस दुर टिकले.

म्हणजे राज्याची रीत सरसकट दडपायची नव्हती. एकीला जवळ केलं की दुसरी आपोआप लांब जाते, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

पेठकर
आणि १९९८ नंतर, सुहार्तो गेल्यावर? तेव्हा तर मांडणी अगदी उघड झाली. एनयूच्या अंगणातून पीकेबी हा पक्ष निघाला, मुहम्मदियाचे अध्यक्ष अमीन रईस यांनी पॅन हा पक्ष काढला. १९९९ ला पीकेबी १२.६ टक्के, पॅन ७.१. तरीही राष्ट्राध्यक्ष झाले गुस दुरच, ३७३ विरुद्ध ३१३, मेगावतींना हरवून. आणि ती गणितं जुळवणारे कोण, तर अमीन रईस! २३ जुलै २००१ ला लोकप्रतिनिधींच्या ज्या सभेने गुस दुरना पदच्युत केलं तिचे अध्यक्षही तेच. ज्याने बसवलं त्यानेच उठवलं. पूर्व जावात तेव्हा मुहम्मदियाच्या काही शाळा-कार्यालयांवर हल्ले झाले. वरच्या मजल्यावरचं भांडण खालच्या शाळेला भोगावं लागलं.

खगोलवेडा
ईदच्या तारखेचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. तो सोडून हा विषय समजणार नाही, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो.

मुहम्मदिया गणिताने चालत आली. तिची २०२५ पर्यंतची कसोटी: चंद्र-सूर्याची युती (अमावास्येचा क्षण) सूर्यास्तापूर्वी झाली पाहिजे, आणि त्या संध्याकाळी चंद्र सूर्यानंतर मावळला पाहिजे. चंद्रबिंब क्षितिजावर जेमतेम असलं तरी नवा महिना सुरू. दिसायची अट नाही. त्यामुळे ती तारखा आधीच जाहीर करून टाकते.

एनयू डोळ्याने चंद्रकोर पाहण्यावर ठाम. गणित तिला वर्ज्य नाही, पण पुरेसं नाही.

सरकार महिन्याच्या २९ व्या दिवशी संध्याकाळी धर्म मंत्रालयात 'इस्बात' (तारीख निश्चित करायची) बैठक घेतं. संघटना, खगोलतज्ज्ञ, हवामान खातं सगळे असतात. देशभरातल्या निरीक्षणस्थळांवरून अहवाल येतात आणि मंत्री तारीख जाहीर करतात. कसोटी २०२२ पासून अशी: चंद्र क्षितिजावर किमान ३ अंश, सूर्यापासून कोनीय अंतर किमान ६.४ अंश. त्याआधी उंची फक्त २ अंश होती.

घोडं अडायचं ते चंद्र ० ते ३ अंशांच्या मध्ये असला की. २० एप्रिल २०२३ हे पाठ्यपुस्तकी उदाहरण. त्या दिवशी इंडोनेशियातून सूर्यग्रहण दिसलं, म्हणजे युती दिवसाच झाली हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. पण सूर्यास्ताला चंद्र देशभर ३ अंशांच्या खाली. मुहम्मदियाची ईद २१ एप्रिलला, सरकार आणि एनयूची २२ ला. पुढच्या वर्षी रमजानची सुरुवातही फुटली, ११ मार्च आणि १२ मार्च; ईद मात्र दोघांचीही १० एप्रिललाच आली. सुरुवात एकाची उशिरा आणि शेवट एकच, म्हणजे एकाचे रोजे तीस आणि दुसऱ्याचे एकोणतीस.

कसोटी २ वरून ३ अंश केल्याने मतभेद होण्याची पट्टी रुंद झाली, हे लोक विसरतात. शास्त्रदृष्ट्या ३ अंश जास्त योग्य, कारण त्याखाली कोर दिसल्याचे दावे संशयास्पद असतात. राजकीयदृष्ट्या मात्र फुटीची वर्षं वाढली.

कर्वेरस्ता
पण तारीख एक दिवस इकडेतिकडे झाल्याने सरकारचं काय बिघडतं?

खगोलवेडा
आपल्याकडे टिळक पंचांग मानणाऱ्या घरी अधिकमासामुळे एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येतो, शेजाऱ्याचं काही अडत नाही. कारण तिथे सरकारी मैदान लागत नाही आणि कुणी सरकार तारीख 'ठरवत' नाही. तिकडे दोन्ही आहे.

२०२३ मध्येच पेकलोंगान आणि सुकाबुमी या दोन शहरांत मुहम्मदियाने २१ एप्रिलच्या नमाजासाठी पालिकेचं मैदान मागितलं. पालिकांनी आधी नकार दिला, कारण सरकारी ईद २२ ला. बातमी देशभर गेली, केंद्रातून मंत्र्यांना बोलावं लागलं, मग परवानगी मिळाली. सुट्ट्या, वाहतूक, परतीच्या गाड्या सगळं सरकारी तारखेला बांधलेलं. शिवाय 'इस्बात'चा निकाल बंधनकारक की निव्वळ सूचना, हा प्रश्न दर वर्षी उकरला जातो. मुहम्मदियाचं म्हणणं, इबादतीत राज्याने हात घालू नये. एनयूचं म्हणणं, शासकाचा निकाल मतभेद मिटवतो. पुन्हा तेच: राज्याशी नातं कसं असावं.

२०२५ च्या जूनपासून मुहम्मदियाने साऱ्या जगासाठी एकच हिजरी दिनदर्शिका स्वीकारली. तिची कसोटी अशी की पृथ्वीवर कुठेही चंद्र ५ अंश उंच आणि ८ अंश दूर असला की सगळीकडे महिना सुरू. म्हणजे आता इंडोनेशियाच्या क्षितिजाचाही संबंध उरला नाही. सरकारशी तारीख जुळायची शक्यता यातून वाढेल असं दिसत नाही.

कोंढवेकर
शाळांचा मुद्दा घ्या, सत्रात लोकांना पटकन कळेल. २०१७. शिक्षणमंत्री मुहाजिर एफेंदी, मलांगच्या मुहम्मदिया विद्यापीठाचे माजी कुलगुरू. त्यांनी नियम काढला: शाळा आठवड्यातून पाच दिवस, रोज आठ तास. शहरात नोकरी करणाऱ्या आईबापांना सोयीचं. मुहम्मदियाच्या बऱ्याच शाळा आधीपासून तशाच चालत होत्या.

एनयूने रान उठवलं. कारण वेळापत्रकात आहे. खेड्यातलं मूल दुपारी सरकारी शाळेतून घरी येतं, जेवतं आणि दोन-तीनच्या सुमारास 'मदरसा दिनिया'त जातं. तिथला शिक्षक त्या फीवर जगतो आणि तिथूनच पुढे पसंत्रेनला मुलं जातात. शाळा चारला सुटली तर ही साखळीच तुटते. शिक्षण खात्याच्या एका ओळीच्या नियमाने एनयूचा तळाचा थर उखडला जाणार होता. राष्ट्राध्यक्ष जोकोवींनी ६ सप्टेंबर २०१७ ला आदेश काढून पाच दिवस की सहा हे शाळांवर सोडलं.

ढोबळ संकेत लक्षात ठेवा: धर्म खातं एनयूकडे, शिक्षण खातं मुहम्मदियाकडे. २०१९ मध्ये जोकोवींनी दोन्ही मोडले, धर्माला निवृत्त जनरल आणि शिक्षणाला मोबाइल-टॅक्सी उद्योगातला तरुण. दोघी नाराज. सव्वा वर्षात जनरलच्या जागी एनयूच्या अन्सोरचे प्रमुख याकूत आले. आत्ताच्या राष्ट्राध्यक्ष प्रबोवोंच्या मंत्रिमंडळाने संकेत पुन्हा पाळला आहे: धर्म खात्यात एनयूचे नसरुद्दीन उमर, शालेय शिक्षणात मुहम्मदियाचे सरचिटणीस अब्दुल मूती.

रास्तापेठ
म्हणजे आपल्याकडच्या जमियत, पर्सनल लॉ बोर्ड यांच्यासारखंच?

कोंढवेकर
नाही, आणि ही तुलना सत्रात कुणीतरी करणारच, म्हणून तयारीत राहा. जमियत १९१९ ची, २००८ मध्ये तिचे दोन गट झाले. पर्सनल लॉ बोर्ड १९७३ चं. या संघटना सरकारकडे मागणी करतात, न्यायालयात जातात, आंदोलन करतात. पण त्यांच्यासाठी राखलेलं खातं दिल्लीत नाही. त्यामुळे त्यांची आपसातली स्पर्धा 'समाजाच्या वतीने कोण बोलणार' यावर चालते. तिकडे स्पर्धा 'नेमणूकपत्रावर सही कुणाची' यावर चालते. आपल्या पुण्यातल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळासारखा, १९७० पासून बाहेर राहून कायदाबदल मागणारा गट तिथल्या दोन थोरल्यांच्या छायेत वाढणं कठीण, कारण तिथे सुधारणेची जागासुद्धा मुहम्मदियाने व्यापलेली आहे.

पेठकर
+१. आणखी एक: सभासदसंख्येचे कोटींचे आकडे फळ्यावर लिहू नका. ते पावती फाडलेले सभासद नव्हेत, 'आम्ही त्या परंपरेतले' असं म्हणणारे लोक आहेत. मुहम्मदियाचं वजन मोजायचं तर दीडशेहून अधिक उच्चशिक्षण संस्था आणि शंभरावर रुग्णालयं मोजा. एनयूचं मोजायचं तर पूर्व जावातला मतदारसंघनिहाय निकाल पाहा.

हलालचं कुणी लिहील का? तिथे तिसरा गडी येतो.

ताम्हिणी
थोडक्यात लिहितो. १९७५ मध्ये सुहार्तोंनी उलेमा परिषद, एमयूआय, काढली: सगळ्या संघटनांचे लोक एका छत्राखाली, म्हणजे फतव्यासाठी सरकारला एकच पत्ता. १९८८ मध्ये खाद्यपदार्थांत डुकराची चरबी असल्याची अफवा पसरली आणि बाजार कोसळला. १९८९ च्या जानेवारीत परिषदेने तपासणी संस्था काढली. पुढे प्रमाणपत्राचे पैसे आणि अधिकार दोन्ही तिच्याकडे साचले. २००१ च्या सुरुवातीला अजिनोमोटोच्या जिवाणू-माध्यमात डुकरापासूनचं विकर वापरल्याचं निघालं. परिषद म्हणाली हराम. राष्ट्राध्यक्ष असलेले गुस दुर म्हणाले, अंतिम पदार्थात काही उरत नाही, हलाल. देशाचा प्रमुख आणि फतवा परिषद आमनेसामने.

२०१४ च्या कायद्याने प्रमाणपत्र द्यायचं काम धर्म मंत्रालयाखालच्या नव्या मंडळाकडे गेलं. परिषदेकडे फतवा राहिला. तपासणीचं काम खुलं झालं आणि एनयू-मुहम्मदिया दोघींनी आपापल्या तपासणी संस्था काढल्या. खाद्यपेयांना सक्ती ऑक्टोबर २०२४ पासून. लघुउद्योगांना २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत सवलत. एका संस्थेची मक्तेदारी मोडून राज्याने तिचे तीन तुकडे केले आणि प्रत्येकाला एकेक दिला.

कर्वेरस्ता
सगळ्यांचे आभार, आराखडा पार बदलला. शेवटचा प्रश्न: कोळशाच्या खाणींचं काय प्रकरण आहे? आणि बंदी घातलेल्या संघटना?

ताम्हिणी
बंदी आधी. जुलै २०१७ मध्ये जोकोवींनी अध्यादेश काढला आणि संघटना बरखास्त करण्यापूर्वी न्यायालयात जायची पायरी काढून टाकली. नऊ दिवसांत खिलाफत मागणाऱ्या हिजबुत तहरीरची नोंदणी रद्द. ३० डिसेंबर २०२० ला एफपीआय या कट्टर इस्लामी संघटनेवर बंदी. एनयूने अध्यादेशाला उघड पाठिंबा दिला. मुहम्मदियाने न्यायालयीन वाटेचा आग्रह धरला. पण मुहम्मदियालाही या मंडळींचा जाच होताच: २००६ मध्ये तिने परिपत्रक काढून पीकेएस या इस्लामी पक्षाच्या लोकांनी आपल्या मशिदी-शाळांत शिरकाव करू नये असं बजावलं होतं. सरकारी बंदी तिला नकोशी, प्रतिस्पर्धीही नकोसे.

खाणी: ३० मे २०२४ च्या सरकारी नियमाने धार्मिक संघटनांच्या उद्योगकंपन्यांना, मोठ्या कंपन्यांनी परत केलेल्या कोळसाक्षेत्रांत पाच वर्षांपर्यंत प्राधान्याने परवाना मिळू शकतो. २०२५ मध्ये हे थेट खाणकायद्यातच घातलं. एनयूने लगेच होकार दिला; तिला पूर्व कालिमंतानात केपीसी या कोळसा कंपनीचं जुनं क्षेत्र देऊ केलं. मुहम्मदियाने दोन महिने चर्चा करून जुलैअखेर होकार दिला. कॅथलिक बिशपांची परिषद आणि बाटाक प्रोटेस्टंट चर्च यांनी नको म्हटलं.

अडचणी व्यवहारातल्या आहेत. परत केलेलं क्षेत्र म्हणजे बहुधा उरलंसुरलं: माती उपसण्याचा खर्च जास्त, थर पातळ. परवाना मंत्र्यांच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही आणि कंपनीत संघटनेचा वाटा बहुमताचा हवा. म्हणजे भांडवल आणि यंत्रं आणणारा ठेकेदार कागदोपत्री धाकटा आणि जमिनीवर थोरला. खाण बंद झाल्यावर खड्डे बुजवून झाडं लावायची जबाबदारी मात्र परवानाधारकाची. ज्या मुहम्मदियाने खाणींमुळे विस्थापित झालेल्यांना कायदेशीर मदत केली, तिनेच आता परवाना घ्यायला होकार दिला. सत्रात प्रश्न विचारायचा तर हा विचारा की मैदानाची परवानगी पालिकेशी भांडून मिळवणारी संघटना, उद्या खाण खात्याशी तितक्याच मोकळेपणाने भांडू शकेल का.

पेठकर
एनयूबद्दल तो प्रश्न पडत नाही, हे नोंदवून ठेवतो.

ताम्हिणी
पडतो. एनयूच्या काही कियाईंनी आणि तरुण गटांनीही खाणीला उघड विरोध केला. फरक इतकाच की एनयूत विरोध प्रत्येक पसंत्रेनमधून वेगळा येतो, कारण कियाईची गादी मध्यवर्ती कार्यालय देत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. मुहम्मदियात मालमत्ता संघटनेच्या नावावर, वरून आदेश निघाला की शाखा मानते. म्हणून सरकारला मुहम्मदियाशी एकदाच बोलावं लागतं आणि एनयूशी शंभर वेळा.